घासणारे दार

सदर : घर सांभाळताना

मृगाच्या सरी ओसरून आर्द्रा नक्षत्र लागले, की आमच्या सांगलीच्या घरातील दारे हट्टाला पेटतात. कोठीचे दार ओढून घ्यावे लागते, माजघराचे खांदा लावून ढकलावे लागते आणि न्हाणीघराचे तर नीट लागतच नाही. दुकान, वसुली, मालाची ने-आण यांत गुंतलेल्या घरात अशा गोष्टींची तक्रार कोणी फारशी करीत नाही. ‘पावसाळा संपला की होईल ठीक,’ असे म्हणून जो तो आपापला खांदा लावतो आणि कामाला लागतो. मीही अनेक वर्षे तेच करीत आलो. यंदा मात्र एका दाराने मला खाली बसून विचार करावयास लावले. त्या दाराची हकीकत आणि त्यातून शिकलेली दुरुस्ती या महिन्याच्या सदरात सांगतो.

आमच्या मातोश्रींचे वय ८१. त्यांची खोली तळमजल्यावर, मागील अंगणाच्या बाजूस आहे. जूनअखेरीपासून त्यांच्या खोलीचे दार रात्रंदिवस उघडेच असते, हे मला दिसत होते. पण त्याचे कारण विचारावे, असे काही मला सुचले नाही. वय झाले, एकटे वाटत असेल, घरातली वर्दळ डोळ्यांसमोर असावी असे वाटत असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. जुलैच्या मध्यास घरी पाहुणे आले. त्या दिवशी मातोश्री लुगडे बदलण्यासाठी आपली खोली सोडून, कठडा धरीत, १६ पायऱ्या चढून वर आमच्या सौ.च्या खोलीत गेल्या. सौ.नी कारण विचारले, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, ‘‘दार लावलं की माझ्याच्यानं उघडत नाही. मग लावू कशाला?’’

खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली. जूनच्या अखेरीस एका दुपारी घरात कोणी नसताना त्या खोलीत अडकल्या होत्या. दार आतून ओढून ओढून हात दुखले, हाका ऐकायला कोणी नव्हते. अर्ध्या तासाने भांडी घासणाऱ्या मावशी आल्या, त्यांनी बाहेरून धक्का दिला, तेव्हा दार सुटले. ‘‘तुम्हाला दुकानातून उठवायचं कशाला, म्हणून बोलले नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या. दारामुळे आपल्या घरातील एका वडील माणसाने स्वतःच्या खोलीचा आडोसाच सोडून दिला होता आणि तीन आठवडे आम्हांपैकी कोणाला पत्ता नव्हता.

रंधा मारण्याची घाई

माझ्या मनात पहिला विचार आला तो सुतार बोलावून दार तासून घेण्याचा. वास्तविक गेल्या श्रावणात हेच दार याच कारणासाठी एका सुताराकडून तासून घेतले होते. त्याने दहा मिनिटांत वरच्या बाजूची कड रंध्याने उतरविली, दार लागू लागले, त्याचे पैसे देऊन आम्ही मोकळे झालो. वर्ष फिरले आणि दार पुन्हा तेथेच घासू लागले.

खरे म्हणजे हा धडा आम्हा सांगलीकरांना आधीच मिळावयास हवा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला, तेव्हा आमच्या गल्लीतील घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर कोणाचेच दार लागेना. घरात चिखल, बाहेर सामानाचे ढीग, आणि दार लागत नाही म्हणून जिवाला घोर. अशा वेळी आमच्याकडे आणि शेजारीही दारे तासून घेतली गेली. फाल्गुनात लाकूड पुरते वाळले, तेव्हा त्याच दारांच्या आणि चौकटींच्या मध्ये बोट शिरेल एवढ्या फटी पडल्या. काहींना पट्ट्या जोडाव्या लागल्या, काहींनी नवी दारे बसविली.

तेव्हा या वेळी घाई न करता, वडिलांच्या काळापासून आमच्याकडे येणाऱ्या जुन्या मिस्त्रींना निरोप धाडला. आता ते स्वतः रंधा धरीत नाहीत. पण येऊन पाहण्यास त्यांनी आनंदाने होकार दिला. त्यांनी दाराला हात लावण्यापूर्वी बराच वेळ ते नुसते उघड-बंद करून पाहिले. मग अर्धवट उघडलेल्या दाराची मूठ धरून ते अलगद वर उचलले. वरची बिजागरी चौकटीपासून हलली. ते म्हणाले, ‘‘आण्णा, दार घासतंय कुलपाच्या बाजूला, पण दुखणं या बाजूला हाय. गेल्या वर्षी उगाच तासलं.’’

पुढे दोन दिवस त्यांच्याजवळ बसून जे शिकलो, ते क्रमाने मांडतो. यातील बहुतेक काम घरातील कोणीही करू शकेल.

लाकूड का फुगते

लाकूड कापून वाळविले, दार करून बसविले, तरी त्याचे हवेशी देणे-घेणे थांबत नाही. हवेत दमटपणा वाढला की ते ओलावा शोषून घेते आणि फुगते; हवा कोरडी झाली की ओलावा सोडून आकसते. हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलत नाही; रेषांना आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, ते फुगते. म्हणून पावसाळ्यात दाराची उंची वाढत नाही, रुंदी वाढते आणि दार कुलपाच्या बाजूच्या चौकटीस जाऊन भिडते.

सागवान इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी हलते, म्हणूनच आपल्या जुन्या घरांतील चौकटी आणि दारे सागवानी असत. आजच्या घरांतील फ्लश डोअरमध्ये प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असल्यामुळे ते रुंदीत आणखी कमी फुगते. मात्र त्याच्या कडेला लावलेली लाकडी पट्टी आणि चौकट फुगतेच. शिवाय दाराची वरची आणि खालची कड बहुधा कोणी रंगवीत नाही, कारण ती दिसत नाही. नेमके तेथूनच ओलावा आत शिरतो. हातात आरसा धरून आपल्या दाराची खालची कड एकदा पाहावी. कोरे लाकूड दिसण्याचीच शक्यता अधिक.

फुगलेले दार आणि कललेले दार वरवर सारखेच वाटते. दोन्ही घासतात, दोन्ही अडतात. परंतु दोहोंचा उपाय निराळा आहे. म्हणून आधी पारख करावी, मग हत्यार उचलावे.

पारख कशी करावी

दार बंद करून चौकटीभोवतीची फट पाहावी. दोन्ही बाजूंना आणि वर दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल साधारण तेवढी, एकसारखी फट असावी. खाली फरशीच्या चढउतारासाठी ती याहून अधिक असते. त्यानंतर रंगीत खडू दाराच्या कडेवर घासून दार दोन-तीनदा लावावे आणि उघडावे. चौकटीवर जेथे खडू उतरेल, तेथे दार घासते आहे. आता ही खूण आणि फटीचा आकार एकत्र पाहावा.

बिजागरीच्या बाजूची फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, कुलपाच्या बाजूस दार वरच्या भागात घासत असेल किंवा त्याचा खालचा कोपरा फरशीवर टेकत असेल, तर दार कलले आहे. दाराचा सारा भार वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतो. तिचे स्क्रू ढिले झाले, की दार वरून चौकटीपासून सुटते आणि मुठीच्या बाजूस खाली झुकते. मूठ धरून दार उचलून पाहिले आणि बिजागरी हलली, तर शंका उरत नाही.

दार लावताना शेवटच्या बोटभर अंतरात ते स्प्रिंगसारखे मागे येत असेल आणि बिजागरीच्या बाजूस फटच नसेल, तर दार बिजागरीकडे चेपले जात आहे. बिजागरी गरजेपेक्षा खोल बसलेली असते, एखाद्या स्क्रूचे डोके वर आलेले असते, किंवा वर्षानुवर्षे दिलेल्या ऑइलपेंटचे थर कडेवर साचलेले असतात.

कुलपाची बाजू वरपासून खालपर्यंत सारखीच घासत असेल आणि हे केवळ पावसाळ्यातच होत असेल, तर मात्र लाकूड फुगले आहे, असे समजावे.

दार नीट मिटते, पण कुलपाची जीभ चौकटीवरील पट्टीत शिरत नाही, असेही होते. अशा वेळी जिभेला कुंकवाचे बोट लावून दार मिटावे. पट्टीवर कुंकू कोठे उमटले ते पाहिले, की जीभ वर अडते आहे की खाली, हे लगेच कळते. फरक एक-दोन मिलिमीटरांचा असेल, तर पट्टीचे भोक कानशीने तेवढे वाढवावे. त्याहून अधिक असेल, तर पट्टीच सरकवून बसवावी. त्यापूर्वी बिजागरी तपासण्यास मात्र विसरू नये. दार झुकल्यामुळे जीभ खाली आली असेल, तर पट्टी कानसून काही दिवसांतच ती पुन्हा अडेल.

बिजागरीचे काम

प्रथम दाराच्या मुठीकडील कोपऱ्याखाली लाकडी पाचर सारून दाराचा भार तिच्यावर घ्यावा. एका वेळी एकाच बिजागरीला हात लावावा. सगळ्या एकदम सोडल्या तर दार अंगावर येईल. जवळ एक माणूस धरावयास असावे.

स्क्रूच्या खाचेत रंग भरला असेल तर तो टोकाने कोरून काढावा, मग नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर बसवून स्क्रू आवळावेत. लहान स्क्रूड्रायव्हरने जोर केला, तर खाच झिजते आणि तो स्क्रू पुढे कोणालाही निघत नाही. पुष्कळदा एवढ्यानेच दार जागेवर येते.

स्क्रू नुसताच फिरत राहिला, तर भोक मोठे झाले आहे. तो काढून घ्यावा. बांबूच्या बारीक काड्या किंवा गूळ काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च भराव्यात, बाहेर आलेली टोके कापून टाकावीत आणि रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्यात स्क्रूहून बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. पितळी स्क्रू असेल, तर त्याला आधी मेण किंवा कोरडा साबण चोळावा. पितळ मऊ असते, जोर लागल्यास डोके तुटून येते. चौकट भरीव लाकडाची असेल, तर एक-दोन जुन्या आखूड स्क्रूंऐवजी ५० मिलिमीटर लांबीचे स्क्रू घालावेत. ते मागील ताज्या लाकडात पकड घेतात आणि दार पुष्कळ वर्षे हलत नाही.

बिजागरी घट्ट होऊनही कोपरा फरशीला किंचित टेकत असेल, तर खालच्या बिजागरीचे चौकटीवरील पाते सोडवून तिच्यामागे पातळ पुठ्ठा घालावा आणि पाते पुन्हा आवळावे. खालची बाजू चौकटीपासून जराशी पुढे आली, की मुठीकडचा कोपरा उचलला जातो. दार बिजागरीकडे चेपत असेल, तर असाच पुठ्ठा दोन्ही बिजागऱ्यांमागे घालावा. मात्र त्याआधी साचलेला रंग खरवडून काढावा. आपल्या घरांत लग्नपत्रिकांचा तोटा नाही. देवाचे चित्र किंवा मंगलवचन नसलेला पत्रिकेचा कोरा जाड भाग यासाठी उत्तम. एका वेळी एकच पुठ्ठा घालून दार लावून पाहावे. थर वाढविण्याची घाई करू नये.

फुगलेल्या दाराचे काम

लाकूडच फुगले असेल, तर पहिला उपाय मेणबत्ती. खडूची खूण जेथे उमटली, तेथे कोरडी मेणबत्ती किंवा साबणाची वडी चोळावी. थोड्या घासणाऱ्या दाराला पावसाळा काढण्यास एवढे पुरते. हिवाळ्यात त्यावर रंग द्यावयाचा असेल, तर आधी ते मेण पॉलिशपेपरने पूर्ण काढून टाकावे. मेणावर रंग धरत नाही.

त्याने भागले नाही, तर ८० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून खुणेपुरतेच घासावे. थोडे घासावे, दार लावून पाहावे, पुन्हा थोडे घासावे. शेवटी १२० नंबरच्या कागदाने गुळगुळीत करावे.

रंधा हा शेवटचा उपाय. दार पावसाळ्यात कितीही अडले, तरी ऐन फुगलेल्या अवस्थेत नेमके किती तासावे याचा अंदाज येत नाही. दार वापरणेच अशक्य झाले असेल, तर दीड-दोन मिलिमीटरांपलीकडे जाऊ नये. उभ्या कडेवर रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. वरच्या कडेवर तो दोन्ही टोकांकडून मध्याकडे न्यावा. टोकाबाहेर नेला तर कोपऱ्याची ढलपी उडते. फ्लश डोअरची कडेची पट्टी पातळ असते. ती तासून संपली, की आतील भाग उघडा पडतो आणि दार वाया जाते. सनमायका लावलेल्या दारावर रंध्याऐवजी पॉलिशपेपरच बरा, कारण रंध्याने सनमायकाच्या कडा उडतात.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. तासलेली कड कोरी ठेवू नये. गेल्या श्रावणात आमच्याकडे हीच चूक झाली होती. रंगाचे आवरण गेले, कोरे लाकूड उघडे पडले आणि यंदाच्या पहिल्या पावसात ते पूर्वीपेक्षा अधिक पाणी प्याले. तासल्यानंतर पहिल्या उघडिपीच्या दिवशी, कड कोरडी आहे याची खात्री करून, प्राइमर व ऑइलपेंटचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत. जी दारे पावसाळ्यात थोडीफार घासून पुढे आपोआप सुटतात, त्यांचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत काढावे. तेव्हा दाराच्या चारही कडा, विशेषतः वरची आणि खालची, रंगवून घ्याव्यात. न्हाणीघराच्या दाराची खालची कड तर दर दोन-तीन वर्षांनी पाहावीच.

आपल्या हाताबाहेरचे काम

चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरकी भेग गेलेली असेल आणि ती रुंदावत असेल, तर दोष दाराचा नाही. इमारत कोठे तरी खचत असण्याचा संभव असतो. तेथे सुताराआधी इंजिनिअरला दाखवावे. ओळंबा सोडून पाहिल्यास चौकट उभी आहे की कलली, हे घरच्या घरी कळते.

चौकटीवर बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा पायथ्याशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी लागली आहे. वाळवीला ओल आवडते. न्हाणीघराचे पाणी चौकटीच्या पायथ्याशी मुरू न देणे, भिंतीतील गळती वेळीच काढणे आणि लाकडाच्या कडा बंद ठेवणे, ही काळजी आधी घेतली, तर पुढे विषारी औषध फवारून जीवहिंसा करण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्यासारख्यांनी ही काळजी इतरांहून अधिक घ्यावी.

बिजागरी ढिली का झाली

आता पुन्हा मातोश्रींच्या दाराकडे येतो. मिस्त्रींनी वरची बिजागरी सोडली, तेव्हा चार स्क्रूंपैकी दोन नुसते फिरत होते. भोके भरून रात्रभर वाळू दिली. त्या रात्री माझी धाकटी मुलगी आजीच्या सोबतीला निजली. सकाळी लांब स्क्रू बसविले, पाचर काढली आणि दार आपल्या जागी आले. कोठेही घासेना. उलट गेल्या वर्षी जेथे तासले होते, तेथे पाच मिलिमीटरांची फट स्पष्ट दिसू लागली. निरोगी अंग कापून टाकले होते, त्याची ती खूण. तेथे हिवाळ्यात सागवानी पट्टी जोडावयाची आहे.

हत्यारे पिशवीत टाकता टाकता मिस्त्रींनी विचारले, ‘‘या दाराला कोण लोंबकळतंय? पोरं?’’ दारामागे जड कपड्यांची खुंटी नव्हती. मुले मोठी झालेली. त्यांनी मूठ दाखविली. मुठीचे स्क्रूही खालच्या दिशेने ओढले गेले होते आणि तिच्या वरच्या अंगाची चकाकी हातांनी उडाली होती. मी मातोश्रींकडे पाहिले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘रात्री उठताना तोल जातो रे. पलंगावरून उठलं की मूठ धरते, मग सुधरतं.’’

कित्येक महिने त्या माउलीचा भार ते दार पेलत होते. दाराचा दोष शोधता शोधता घरातील दुसरीच गोष्ट उघडकीस आली. दार नुसते तासले असते, तर ती आणखी वर्षभर कळली नसती. आणि आता घट्ट केलेली बिजागरीही पुन्हा ढिली झाली असती, किंवा एखाद्या रात्री मूठच हातात आली असती.

त्याच दिवशी पलंगाजवळच्या भिंतीला आणि दाराशेजारी मुठीत नीट मावेल अशी स्टीलची आधाराची दांडी बसविली. ती गिलाव्यात न बसविता आतल्या विटेत पक्क्या बोल्टने घट्ट केली आणि मी स्वतः तिला लोंबकळून पाहिले. दाराच्या आतील उंचावरची कडी काढून, आतून बोटाने फिरविता येणारे आणि अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने उघडता येणारे कुलूप लावले. पलंगाजवळ रात्रीचा लहान दिवा लावला. आणि दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांना तोल जाण्याविषयी दाखवून आणले. त्यांनी रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलून दिली आहे.

या साऱ्याचा खर्च दुकानात एका दिवसात चहापाण्यावर जातो त्याहून फार नव्हता. दांडी आणि कुलूप सोडले, तर जवळजवळ नव्हताच. लागला तो वेळ, आणि तोच आपण द्यावयास तयार नसतो.

एवढे अवश्य करावे

वाचक बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी आपल्या घरातील वडील माणसांच्या खोलीत जावे. आत उभे राहून दार लावावे, कडी घालावी आणि मग दोन बोटांच्या जोराने कडी काढून दार उघडून पाहावे. आपल्या दंडाच्या जोराने उघडणारे दार त्यांच्या हातांना उघडते, असे गृहीत धरू नये. न्हाणीघराचे दारही असेच पाहावे. तेथे ओली फरशी आणि अडकलेले दार ही जोडी फार धोक्याची. मूठ हलते का, बिजागरी हलते का, दारामागे खुंटीवर कपड्यांचा आणि पिशव्यांचा भार किती आहे, हे पाहावे. वाऱ्याने दार आपटत असेल, तर त्याला अडणा लावावा. रोजच्या आपटण्याने चांगली बिजागरीही वर्ष-दोन वर्षांत सैल होते. आणि दार घासते असे आढळले, तर सुताराला ‘तासून द्या’ असे न सांगता ‘का घासते ते पाहा’ असे सांगावे.

मातोश्री आता दुपारी दार लावून घेतात. काल पाहुणे आले, तेव्हा त्यांनी आपल्या खोलीतच लुगडे बदलले आणि बाहेर आल्या.

(पुढील अंकी : टपकणारा नळ आणि त्याचा वॉशर)